लाल टिपका

इंजिनावर झाकण ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाने ते इंजिन एकदा हाताने फिरवायचं, हा मिस्त्रींच्या घरचा नियम. थोरल्याला आज पहिल्यांदाच तो नियम नकोसा झाला होता.

काम तर झालं होतं. पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, पाण्याचा पंप नवा, टायमिंगची चेन नवी. सगळं त्याने आणि धाकटीने मिळून केलं होतं, म्हणजे एकाच शेडमध्ये एकमेकांकडे पाठ करून केलं होतं. इंजिनाची खालची बाजू त्याची, वरचं हेड तिचं. मधल्या गॅस्केटवर दोघांची हद्द. चेन खालून वर जाते, म्हणून ती थोरल्याने बसवायची आणि धाकटीने तपासायची असं ठरलं, आणि तेवढंसुद्धा ठरवायला आईला मध्ये पडावं लागलं होतं.

भिंगरी शेडच्या मधोमध उभी होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी, बॉनेट उचलून ठेवलेलं. मिस्त्रींनी ती तरुणपणी मोडीतून आणली, हाडं जुळवावीत तशी जुळवली आणि तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या डोंगरचढाईच्या शर्यतीत ती कधी चुकली नव्हती. उद्या पुन्हा चढाई होती. पण यंदा मिस्त्रींच्या गुडघ्याने हात टेकले होते. क्लच दाबला की चेहरा पांढरा व्हायचा. काही दिवसांपूर्वी जेवणावरून उठता उठता ते एवढंच म्हणाले होते, "या वेळी झाकण लावून इंजिन जो बंद करेल, किल्ली त्याची. या चढाईलाही आणि पुढेही."

त्या दिवसापासून दोघंही भावंडं पोटभर जेवली नव्हती.

"बोलाव सगळ्यांना," मिस्त्री म्हणाले. शेडच्या दाराशी त्यांचं ते पत्र्याचं स्टूल होतं, त्यावर ते बसले होते.

"बाबा, मी दोनदा पाहिलंय. सरळ झाकण लावतो ना. आता नुसतं हात फिरवायचं नाटक कशाला?"

"नाटक?" मिस्त्रींनी भुवई उचलली. "तुझ्या जन्माआधीपासून चाललंय हे नाटक. बोलाव."

थोरल्याने घराकडे तोंड करून हाक मारली. हाक जरा जास्तच मोठी निघाली.

*

धाकटी बाकावर बोल्ट आवळायचे पाने पुसत बसली होती. जहाजांच्या इंजिनांवर तिची निम्मी नोकरी झाली होती. तिथले पिस्टन माणसापेक्षा उंच. पण भिंगरीच्या चार पिस्टनांचा तिला जेवढा धाक वाटायचा, तेवढा तिथे कधी वाटला नव्हता.

यंदा ती रिकाम्या हाताने आली नव्हती. कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या दुकानात तिला एक पुली सापडली होती. अस्सल, भिंगरीच्याच कंपनीची, तेलकट कागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, टोकाला बसणारी ही पुली. तिच्या कडेला एक बारीक खाच असते. ती खाच समोरच्या काट्याशी जुळली की पहिला पिस्टन अगदी वर आला, असं समजायचं, आणि चेन तेव्हाच बसवायची.

भिंगरीची मूळ पुली फार पूर्वीच गेलेली. चढाईच्याच सकाळी ती तडकली होती आणि मिस्त्रींनी विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाची पुली काढून, घासून, ठोकून तिथे बसवली होती. गाडी धावली. दुसरी आली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की थोरला ती झोपेतही सांगायचा. पण परक्या पुलीची खाच भलत्याच जागी होती. म्हणून खाचेपासून बोटभर डावीकडे, खऱ्या जागेवर, आईने आपल्या नखांच्या लाल रंगाचा एक टिपका दिला होता. दोन्ही मुलं तो टिपका बघत वाढली. "खाच खोटं बोलते, टिपका खरं," मिस्त्री शिकवायचे. दोघांना अक्षरं यायच्या आधी टिपका यायचा.

नवी पुली धाकटीने बापाच्या हातात ठेवली तेव्हा मिस्त्री बराच वेळ ती फिरवत राहिले होते.

"बघ," ते थोरल्याला म्हणाले होते, "सोन्याच्या दुकानात मिळत नाही असलं."

ते वाक्य थोरल्याला लागलं होतं, तरी पुली त्यानेच क्रँकवर बसवली. वर्षभर गाडी पुसतो मी, ऑइल बदलतो मी, बॅटरी चार्ज करतो मी, आणि सोनं आणते ही. धाकटीला ते त्याच्या पाठीवरून समजलं होतं. तिला वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

*

आई ओला हात पदराला पुसत आली. तिच्यामागे वहिनी आली, अजून बसच्या गणवेशात. थोरल्याची बायको शहराची बस चालवायची. पहाटेची फेरी संपवून ती नुकतीच घरी आली होती.

"काय, लग्न लागतंय का इंजिनाचं?" वहिनी म्हणाली. "सगळे असे रांगेत उभे!"

"तू पहिली," आई म्हणाली. "घरातल्या मोठ्यांत सगळ्यात शेवटी जो आला, तो पहिला. नियम आहे."

"मागच्या वेळी चुकवलंत मला."

"मागच्या वेळी तू बाळंत झाली होतीस."

"पायाने थोडंच फिरवायचं होतं?"

धाकटी हसली. थोरला हसला नाही. त्याने लांब दांड्याचा पाना पुलीच्या बोल्टवर बसवला आणि बायकोच्या हातात दिला. "हळू फिरव. दोन पूर्ण फेरे. हे काही तुझ्या बसचं स्टिअरिंग नाही."

"बरं झालं सांगितलंत. मी हॉर्न शोधत होते."

प्लग काढलेले होते, त्यामुळे इंजिन सहज फिरायला हवं होतं. वहिनीने पाना ओढला. वरच्या उघड्या बाजूला व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही कॅम तेलात चकाकत सरकले, चेन टिकटिक न करता मागोमाग निघाली. वहिनीला ते बघायला आवडलं. एवढी वर्षं ही भावंडं जिच्यासाठी भांडतात ती वस्तू आतून अशी दिसते तर.

मग तिचा हात थांबला.

"अडतंय," ती म्हणाली.

"नवी चेन आहे, घट्ट असणार," थोरला म्हणाला. "लाव जोर."

"घट्ट नाही. अडतंय."

"तेच ते!"

"तेच ते कसं? घट्ट म्हणजे सगळीकडून घट्ट. हे एका जागी आहे. गिअर नीट पडला नाही की दांडा हाताला असाच लागतो." तिने पाना तिथेच धरून ठेवला. पुढे नाही, मागे नाही. "मी नाही ओढणार."

"दे इकडे." थोरल्याने हात पुढे केला.

"नाही देत."

तिने दुसरा हातही पान्यावर ठेवला.

"अगं, तो रोज हेच काम करतो," आई सुनेला म्हणाली. "त्याला दे."

"आई, तुमच्या मुलाला मी पाना देईन. पण आधी त्याने छातीवर हात ठेवून सांगावं की मला खात्री आहे."

थोरल्याने तोंड उघडलं. खात्री आहे म्हणायला त्याला एक श्वास पुरला असता. नेहमी पुरायचा. पण बायकोच्या मनगटावरची शीर ताठ झालेली त्याने पाहिली. ती ओढत नव्हती, धरून होती. चढावर प्रवासी भरलेली बस ब्रेकवर धरावी, तशी.

"दादा," धाकटी उठली. "नको ओढूस. वहिनी बरोबर आहे."

"तू तिच्या बाजूने बोलणारच."

"मी व्हॉल्व्हच्या बाजूने बोलतेय. आत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल आणि तू ओढलंस तर तो वाकेल. मग उद्या चढाई नाही, पुढच्या महिन्यातही नाही."

"म्हणजे चेन मी चुकीची लावली?"

"तपासली मी," धाकटी म्हणाली. "तू लावलीस, मी तपासली. चुकली असेल तर दोघांची."

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिने 'दोघांची' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता, आणि तो नेमका चुकीबद्दल.

मिस्त्री स्टुलावरून उठले नाहीत. उठावंसं त्यांना फार वाटत होतं. गुडघा आडवा आला नसता तर ते कधीच पोरांना बाजूला सारून इंजिनात वाकले असते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसले.

*

"वहिनी, थोडं मागे फिरव. हलकेच." धाकटीने गुडघे टेकले. "आई, तुझी विणायची सुई दे. बांबूची, लांब."

"स्वेटर घालणार आहेस काय इंजिनाला?"

"दे गं."

सुई आली. धाकटीने ती पहिल्या प्लगच्या भोकात उभी सोडली. सुईचं टोक आत पिस्टनच्या डोक्यावर टेकलं. "आता पुन्हा पुढे. अडेल त्याच्या अलीकडेच थांबायचं. सुई बघा सगळे."

सुई हळूहळू वर चढू लागली. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वर चढल्या.

"टिपका आला काट्याशी," थोरला पुलीकडे बघत म्हणाला. "म्हणजे पिस्टन वर आला."

"नाही आला," आई म्हणाली. "सुई अजून चढतेय."

खरंच चढत होती. टिपका काटा ओलांडून गेला, बोटभर पुढे गेला, आणि नवी पुली फिरता फिरता तिची बारीक, स्वच्छ खाच काट्यासमोर आली. तिथे सुई थांबली. वहिनीने केसभर पुढे नेलं, तशी सुई खाली सरकू लागली.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. ती पुलीजवळ वाकली.

"हा टिपका माझा नाही," ती म्हणाली. "माझा रंग काळपट झाला होता. हा ताजा आहे. आणि ही तर नवी पुली! हिच्यावर टिपका कुणी काढला?"

थोरल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मी," तो म्हणाला. "जुन्या पुलीवर कागदाची पट्टी ठेवली, खाचेपासून टिपक्यापर्यंतचं अंतर घेतलं, आणि नवीवर तेवढंच मोजून..." त्याची नजर नव्या खाचेवर गेली.

वहिनीला हसू आवरेना. तिने ओठ दाबले, पण ते नाकातून फुटलंच. "अहो, म्हणजे जुनी खाच खोटी होती म्हणून टिपका होता. आणि ही खाच खरी आहे, तर तुम्ही मोजूनमापून..."

"कळलं! कळलं मला!"

"मलाही तेव्हा कळलं नाही," धाकटी म्हणाली. तिने डोकं धरलं होतं. "मी तपासायला आले, टिपका काट्याशी बघितला, कॅमच्या खुणा बघितल्या आणि हो म्हणून निघून गेले. पुली मी आणलेली! खाच बघायला हवी होती मी. मी टिपका बघितला. जहाजावर कुणी असं केलं असतं तर मी त्याला समुद्रात ढकललं असतं."

"जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं हे," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या घरात हा टिपकाच नाही."

थोरला खाली बसला, शेडच्या फरशीवर, ऑइलच्या डागांत. त्याला वाटलं होतं बाबा आता बोलतील. लहानपणी साधा नट उलटा लावला तरी बाबा जे बोलायचे, ते दोन दिवस कानात राहायचं. त्याने मान वर केली. "बाबा, मी ओढलं असतं. हिने पाना दिला असता तर मी ओढलं असतं."

"मीही," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मी तर तुझ्या आधी ओढलं असतं. मला कुणी अडतंय म्हणालं असतं ना, तर मी म्हणालो असतो, तीस वर्षं माझं कधी अडलं नाही." त्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. मुंग्या आलेल्या बोटांकडे ते बघत राहिले. "टिपका बघ म्हणून शिकवलं मीच. कुठल्या पुलीवर, ते सांगायचं राहून गेलं. जाऊ दे. बसताय काय? दुरुस्त करा."

*

मग जे काम झालं ते त्या शेडमध्ये पूर्वी झालं नव्हतं, आणि मिस्त्रींनी ते स्टुलावरून डोळे भरून पाहिलं.

थोरल्याने चेनचा ताण सैल केला. धाकटीने कॅमचा गिअर मोकळा केला. वहिनीने पाना धरून खाच अगदी काट्यासमोर आणली आणि तिथेच रोखून धरली. "मी आहे, तुम्ही चालू द्या." चेन एक दात सरकवायची होती. भावाने खालून उचलली, बहिणीने वरून घेतली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"तुझं डोकं अजून तितकंच टणक आहे," थोरला म्हणाला.

"तुझ्यासारखंच आहे. फक्त आत काहीतरी आहे."

"ते दिसलं मघाशी. टिपका बघून गेलीस."

"तू काढलास!"

"तू पास केलास!"

"मी सोडू का पाना?" वहिनीने विचारलं, आणि दोघंही एकदम म्हणाले, "नको!"

आई बाकावर बसली होती. या दोघांची एकमेकांकडे पाठ बघून बघून तिचा जीव विटला होता. आज त्यांची तोंडं एकमेकांसमोर होती, वीतभर अंतरावर, काळी झालेली. भांडताहेत, पण तोंडं समोर आहेत. तिला एवढं पुरे होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याने नुसती हनुवटी हलवली, तिकडे बघ, अशी.

चेन ताणली, बोल्ट आवळले. "आता पुन्हा पहिल्यापासून," मिस्त्री म्हणाले. "नवी आधी."

वहिनीने दोन फेरे दिले. इंजिन लोण्यासारखं फिरलं. मग धाकटीने, मग थोरल्याने, मग आईने, आणि शेवटी मिस्त्री उठले. त्यांना कुणी हात दिला नाही, त्यांना तो चालला नसता. ते लंगडत आले, पाना धरला आणि डोळे मिटून फिरवला. एकदा. दोनदा. शेवटचा फेरा त्यांनी मुद्दाम सावकाश घेतला.

"लाव झाकण," ते म्हणाले.

"कोण?" थोरल्याने विचारलं. किल्लीचं बोलणं तो विसरला नव्हता. कुणीच विसरलं नव्हतं.

मिस्त्री हात पुसत स्टुलाकडे वळले. थोरल्याने झाकण उचललं, एक कड बहिणीच्या बाजूला सरकवली. तिने धरली. बोल्ट दोघांनी दोन बाजूंनी आवळत आणले आणि मधल्या बोल्टवर दोघांचे पाने एकमेकांना लागले. थोरल्याने आपला काढून घेतला. "कर तू. हेड तुझं आहे."

"चेन तुझी आहे," धाकटी म्हणाली, आणि तिनेही पाना काढून घेतला.

"आवळा रे कुणीतरी!" आई ओरडली. "ऑइल गळेल उद्या!"

तेव्हा वहिनीने पुढे होऊन तो आवळला.

*

प्लग लावले. पेट्रोल सोडलं. दुपार कलली होती, शेडच्या दारातून ऊन भिंगरीच्या बॉनेटपर्यंत आलं होतं. मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली. चामड्याची दोरी घामाने काळी पडलेली.

"मी काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

"इंजिन जो बंद करेल, किल्ली त्याची," थोरला म्हणाला.

"मग शेवटचा बोल्ट कुणी आवळला?"

वहिनीने दोन्ही हात वर केले. "बाबा, मी असंच आपलं... मला भूक लागली होती, म्हटलं संपवा एकदाचं."

"गाडी या दोघांची," मिस्त्री म्हणाले. "उघडायची यांनी, जोडायची यांनी, भांडायचंही यांनीच. पण किल्ली तुझ्याकडे राहील. या घरात ओढणारे खूप झाले. मीच पहिला. थांबणारा हात आज बघितला." त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "चालवशील ना उद्या?"

"बाबा, मी रोज साठ माणसं घेऊन चढ चढते. तुमची ही खेळण्यातली..." ती थांबली. थोरल्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला चालेल?"

थोरल्याने हात फडक्याला पुसले. किल्लीसाठी तो वर्षभर झुरला होता, ती ओढ काही एका दुपारी सरत नाही. पण मघाशी ती पाना धरून उभी होती, तो स्वतः ओढ म्हणत असताना, ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ही माझी बायको, त्याला वाटलं, आणि छाती आपोआप पुढे आली.

"क्लच जरा वर लागतो," तो म्हणाला. "तेवढं बघ."

धाकटीने दार उघडून धरलं. वहिनी बुटक्या सीटमध्ये उतरली. "अगं बाई, जमिनीवरच बसले की मी!" तिने किल्ली फिरवली. भिंगरी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि मग इंजिन सुरू झालं. शेडचे पत्रे थरथरले. आवाज हळूहळू एकसारखा होत गेला. मिस्त्री कान लावून उभे होते. बाकी सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अशी माझ्या हातून कधी चालली नाही," ते म्हणाले.

भावंडं एकमेकांकडे बघेनात. धाकटीने उगाचच नाक पुसलं आणि तिच्या गालावर काळा पट्टा उठला.

"बाजूला मी बसतो," थोरला म्हणाला.

"मी बसणार. पुली मी आणली," धाकटी म्हणाली.

"बसवली मी!"

"सीट एकच आहे, दादा."

"तेच म्हणतोय मी!"

त्यांचं चालू असतानाच मिस्त्री वळसा घालून गेले, दार उघडलं, दुखरा पाय आधी आत घेतला आणि बसले. "चल गं," ते सुनेला म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत. हे दोघं ठरवतील तोवर डोंगर झिजेल."

भिंगरी अंगणातून रस्त्यावर गेली. वळणाच्या आधी वहिनीने हॉर्न दिला, बससारखा, लांबलचक.

दोघं भावंडं फाटकात उभी राहून आवाज ऐकत होती. पहिला गिअर. दुसरा. तिसरा इतका नेमका पडला की थोरल्याच्या तोंडून "वा!" निघालं. मागे आई शेडमधल्या बाकावर काहीतरी शोधत होती. जुनी पुली तिला सापडली. काळी, ठोकलेली, तिच्या तरुणपणीचा टिपका अजून अंगावर असलेली. तिने ती पदराने पुसली आणि भिंतीवर, नवऱ्याच्या स्टुलाच्या वर, खिळ्याला अडकवली.

मग तिने घरातून नखांच्या रंगाची बाटली आणली.

"आई, आता कशाला?" धाकटीने विचारलं.

"गाडी आली की इंजिन थंड होऊ द्या," आई म्हणाली. "तो चुकीचा टिपका खरवडून काढ तू. आणि तू," ती थोरल्याला म्हणाली, "पुली धर नीट. नवा टिपका मी खाचेतच भरणार आहे. या घरातली पोरं खाच बघत नाहीत, लाल तेवढं बघतात."

लांबून, वळणापलीकडून, भिंगरी परत येत असल्याचा आवाज येऊ लागला. दोघांनीही माना तिकडे वळवल्या, आणि बाटलीचं झाकण आईला एकटीलाच उघडावं लागलं.